कोपऱ्यातलं बटण

तळं मी बनवलं. म्हणजे त्याची गणितं लिहिली,
तार्तूच्या विद्यापीठात, तिसऱ्या मजल्यावर, जानेवारीत.
खिडकीबाहेर उणे अठरा,
जमिनीवर कुदळ मारली तर ठिणगी.
अशात माती आणि पाणी शिकवायचं कुठे?
म्हणून सोळा जुने संगणक, आणि पडद्यावर
चाळीस हेक्टरांचं तळं, साडेचार मीटर खोल.
उजव्या काठाला सरकपट्ट्या:
गाई किती, शेतात शेणकाला किती टन,
ओढ्याकाठी झाडांचा पट्टा किती रुंद, पाऊस.

आकडे माझे नव्हते.
हेल्वे लुहामाबाईंच्या एकतीस वह्या,
बर्फाला भोक पाडून काढलेलं पाणी,
तापमान, प्राणवायू, आणि एका समासात
‘आज हातमोजा पडला. गेला.’
मी त्यालाही एक रकाना देणार होतो.
बाई म्हणाल्या, नको,
तो आता तळ्याचा.

पोरांना तळं मारायला अकरा सेकंद लागत.
शेणकाला पार वर, झाडं पार खाली,
पाणी हिरवं, मग वाटाण्याच्या सुपासारखं,
मग मासे: शून्य.
हशा.
मग कोपऱ्यातलं ‘नव्याने’ दाबायचं
आणि पाणी असं निळं, की जणू काही घडलंच नाही.
सर्व्हरच्या नोंदी मी मोजल्या.
एका मंगळवारी दोन हजार एकशे चौदा पुनर्जन्म.

बाईंनी तो आकडा चष्मा काढून वाचला.
‘हे बटण काढ.’
मग पोरं चुकणार कशी, बाई? चुकल्याशिवाय शिकणार कशी?
‘चुकू देत की.
पण चुकलेलं जागच्या जागी राहू दे.’

फेब्रुवारीत अख्ख्या वर्गाला मिळून एकच तळं.
दिवसाला एक वर्ष. रविवारीही.
केर्स्तीच्या गटानं पहिल्याच दुपारी
शेणकाला साठ टनांवर नेला.
(तिच्या घरी, पॉल्वाकडे, एकशे वीस गाई;
साठ तिला काही फार वाटले नाहीत.)
मासे शून्य झाल्यावर तिचं बोट सवयीनं कोपऱ्यात गेलं.
तिथं नुसता करडा पडदा.

मग शेणकाला बंद. झाडं तीस मीटर.
आठवडा गेला, तळं हिरवं.
महिना गेला, म्हणजे तीस वर्षं, तळं हिरवंच.
ती माझ्या खोलीत आली, दार न वाजवता.
‘तुमच्या प्रोग्राममध्ये कुठेतरी पाणी मुरतंय.’
रात्रभर मी एकेक ओळ तपासली.
मुरलं होतं खरं,
पण ओळींत नाही, तळाच्या गाळात:
त्या दुपारचा फॉस्फरस
दर उन्हाळ्यात थोडा थोडा वर येत होता.
गाळाला कुणी सांगितलंच नव्हतं
की आता आपण सुधारलो आहोत.

एप्रिलात बर्फ गेलं. खरं तळं, खरी होडी.
केर्स्तीनं दोरीला बांधलेली पांढरी तबकडी पाण्यात सोडली.
एक मीटर, दिसते.
एक मीटर दहा, दिसते.
एक मीटर वीस.
तिनं दोरी ओढून पुन्हा सोडली. पुन्हा तेवढंच.
‘कमी आहे, बाई.’
‘आहे तेवढं लिही.’
बत्तिसावी वही, ओल्या बोटांचा ठसा.

परतताना बसमध्ये ती वडिलांशी फोनवर बोलत होती.
‘आपल्या गोठ्यापासून ओढा किती मीटरवर आहे?’
पलीकडून बराच वेळ काही नाही.
मग बहुधा, का गं?
मग ती खिडकीकडे वळली, पुढचं ऐकू आलं नाही.

बटण मी खोडलेलं नाही, हे बाईंना ठाऊक नाही.
दोन तिरप्या रेघांमागे ते झाकून ठेवलंय.
कधी रात्री एकटा असलो की
त्या रेघांपर्यंत कर्सर नेतो, आणि तिथंच लुकलुकू देतो.

आज तळ्याचं एकाहत्तरावं वर्ष.
सकाळी पडद्यावर, मासे: एक.
वाटलं, माझीच चूक.
मग आठवलं, ओढ्यातून वर येण्याचं समीकरण
पहिल्या आठवड्यात मीच लिहिलं होतं
आणि विसरलो होतो.