पाचवा टायर

ट्रान्सपोर्ट नगरात, टेकचंदच्या दुकानी,
कोवळ्या काकडीसारखी लव
नव्या टायरांच्या अंगावर.
मी बोट फिरवते.
बदन सिंग म्हणतो, बाई, टायर आहे तो, मांजर नव्हे.

दोन जातींचे टायर समोर उभे केलेत.
एकाची नक्षी खोल, ठोकळ्या-ठोकळ्यांची,
चिखल खाईल, ढेकूळ फोडील,
दवाने निसरड्या बांधावरून
मोहरीतली गाडी बाहेर काढील.
दुसऱ्यावर नुसत्या चार सरळ रेघा,
लहानपणीच्या वहीसारख्या.
हा हायवेचा, टेकचंद सांगतो. माल काय असतो?

साठ पेट्या, मी म्हणते. मधासकट दीड टन.
मध?
माश्या, बदन सिंग म्हणतो. जित्या.
टेकचंदचं बोट कॅल्क्युलेटरवर वरच्या वर थांबतं.

गेल्या फेब्रुवारीत मुरैन्याची मोहरी झडली
आणि आम्ही गुन्याच्या कोथिंबिरीकडे निघालो,
फुलांवर आली होती ती, पांढरी, मैलोगणती.
माश्यांची बदली रात्री करायची असते,
सगळ्या घरी परतल्यावर, दाराला जाळी ठोकून,
आणि उजाडायच्या आत पोचायचं.
बाकी नियम नाही.

बदरवासच्या अलीकडे मागचा डावा फुटला.
पाच चाळीस.
स्टेपनी होती.
तीन वर्षं आम्ही "आहे की" म्हणत होतो, ती.
तिच्यात हवा भरली तर ती फुसकन हसली.
जॅकवर गाडी कलली,
वरच्या थरातली एक पेटी सरकली,
झाकण बोटभर उघडलं.
बोटभर पुरतं.

ऊन आलं तशा त्या निघाल्या.
रागात नाही, कामाला निघाल्यासारख्या.
ढाबेवाला उकळता चहा सोडून आत पळाला.
त्या किलोमीटरच्या दगडाभोवती घिरट्या घालत राहिल्या,
गाव समजून घेत,
आणि मला माहीत होतं
की गाडी हलली की हे गाव खोटं ठरणार.
नऊला टायर आला, शिवपुरीहून, उधार.
आत एकोणसाठ पेट्या तापत होत्या.
आम्ही गाडी हलवली.

टेकचंद, हा ठोकळ्यांचा सत्तरच्या वेगाला ओरडतो ना?
थोडा गातो, बेहेनजी.
लष्करात जन्म गेला माझा, गाणं कशाला म्हणायचं
ते मला सांगू नको.
पेटीला कान लावून पाहिलाय मी,
खालून रस्ता घुमला
की वर त्याही घुमतात, चढ्या, घाबऱ्या,
एकीचं ऐकून दुसरी.

आणि शेताचे शेवटचे दोन किलोमीटर?
ते माझ्या भाच्याचा ट्रॅक्टर ओढेल, बदन सिंग म्हणतो,
त्याला एक बरणी द्या.

रेघांचा, मग.
मी खाली बसते, चष्मा वर करून
टायरच्या कडेचे चार आकडे वाचते:
आठवडा अन् साल.
हा नोव्हेंबरातला, आपल्या पेट्या तेव्हा
नुकत्या मोहरीवर उतरल्या होत्या.
हा मेमधला, तेव्हा त्या बरसीमवर.
हा तिसरा जुना आहे, टेकचंद, उन्हात पडून होता तुझ्या,
बदल तो.
तो बदलतो. त्याला राग येत नाही,
किंवा माश्यांना भितो.

चार ना?
पाच.
पाचवा जुना चालेल, बेहेनजी, नुसता टांगायचाच तर असतो.
पाच, मी म्हणते. त्याच आठवड्याचा असेल तर बघ.

पोरगा हातोड्याने चाकात टायर बसवतो,
मागच्यांत हवा पासष्ट,
तराजूसारखं फिरवून शिशाचा एक तुकडा इकडे, एक तिकडे.
ही लव मोहन्यापर्यंत झडून जाईल, टेकचंद म्हणतो.
पैसे दोनदा मोजतो.

बदन सिंग इंजिन लावतो.
पेट्या भरायला अजून तीन रात्री आहेत.
बदरवासला जरा हळू घे, मी म्हणते.
तिथे? तिथे तर रस्ता लोण्यासारखा आहे, बाई.
माहीत आहे.