वाचा

ग्लासगोच्या पूर्वेला, बंद पडलेल्या एका लाँड्रीत
गुरुवारी रात्री लोक कविता म्हणतात.
यंत्रं नेली कुणीतरी, नळांची तोंडं भिंतीत तशीच राहिली,
साबणाचा वासही.
मायक्रोफोन एकच. त्यालाही मधूनच खोकला येतो.

मी मागे बसले होते, कोट न काढता.
मैत्रिणीच्या आग्रहाखातर आलेली,
अर्ध्या तासात निघणारी.

एक पोरगा प्रेमावर बोलला, बराच वेळ.
मग इशबेल रँकिन उठली,
शाळेच्या स्वयंपाकघरातला एप्रन अजून अंगावर.
म्हणाली, कविता नाही माझ्याकडे,
तक्रारींचे क्रमांक आहेत.

चार शून्य सात सात एक.
चार शून्य नऊ दोन सहा.
परवचा म्हणावी तशी म्हणत गेली
आणि दर क्रमांकानंतर श्वास घेत होती
तो तिचा नव्हता.
तो पाच वर्षांच्या कॅलनचा होता,
पहाटे तीनचा,
बारीक शिट्टी वाजणारा.
उशाशी काळी बुरशी, पोपडे,
पोपड्यांत त्याने शोधलेले घोडे आणि बेटं.

मग तिने आवाज बदलला. गोड, इस्त्री केलेला:
‘तुमची तक्रार नोंदवून घेतली आहे.
खिडकी उघडी ठेवत चला.
कपडे घरात वाळत घालू नका.
भाजी शिजवताना झाकण ठेवा.’
लोक खदखदून हसले.
मीही हसले, आणि मधेच थांबले.

तो आवाज माझा होता.

घरांच्या खात्यात, तिसऱ्या मजल्यावर,
नऊ ते पाच मी हेच बोलते.
कार्डावर छापलेलं आहे.
इशबेलशी किती वेळा बोलले असेन, आठवत नाही.
आठवत नाही, हेच तर.

भिंतींना कान असतात, असं ऐकून होते.
इथे कानांना भिंत होती
आणि तिच्यावर माझी खुर्ची टेकलेली.

दाराशी उभा योहानेस हळूच म्हणाला,
चार एक शून्य तीन आठ. माझा.
दोरोताने चष्मा कपाळावर ढकलून
फोनमधून आपला शोधला, दोनदा चुकली, तिसऱ्यांदा म्हणाली.
एका म्हाताऱ्याने बाही वर केली, तिथे पेनाने लिहिलेला.
लाँड्रीभर आकडे. कुणी टाळ्या वाजवेना.
माझ्याकडेही एक क्रमांक होता, गळ्यात लटकणारा.
तो मी कोटाच्या आत आणखी खोल ढकलला.

सोमवारी फोन वाजायला लागले. एकसष्ट.
प्रत्येक जण आधी मागचे सगळे क्रमांक म्हणे,
इशबेलच्याच ठेक्यात,
आणि मग गप्प राही.
गप्प राहण्यावर कार्डावर उत्तर नव्हतं.

कारणाच्या रकान्यात दोनच पर्याय असतात:
‘रहिवाशांच्या सवयी’, ‘इतर’.
मी ‘इतर’ निवडलं. पुढे लिहिलं:
ओल. बाहेरून येते. भिंत फुटली आहे.
मूल जागं आहे.
एकसष्ट वेळा.
दुपारी अ‍ॅबरनेथीबाई टेबलापाशी आल्या,
हे काय आहे म्हणून विचारलं.
मी म्हटलं, वाचा.

कवितेने भिंत वाळत नाही.
दोन माणसं मीटर घेऊन आली, लिफ्ट बंद,
बारा मजले चढून धापा टाकत,
तेवढ्यापुरता त्यांचाही श्वास कॅलनसारखा.
पांढरा रंग फासून गेली.
अ‍ॅबरनेथीबाईंनी मला समज दिली, लेखी.

पुढच्या महिन्यात इशबेल पुन्हा उठली.
रंगसुद्धा घेतला होता तिने:
कुठल्या कोपऱ्यात फुगला, किती दिवसांत.
माझा आवाजही काढला.
तो आता ‘नोंदवून’वर जरासा अडखळत होता.
या वेळी कुणी हसलं नाही.

खोलीत माणसं फार झाली होती, उकडत होतं.
मी कोट काढला.