उसाशांची नोंदवही

डंडीत समुद्रावरून जे धुकं चढतं
त्याला इथली माणसं हार म्हणतात.
पहिल्या वर्षी मला वाटायचं, कुणाची?
आता नुसता कोट चढवते
आणि टे नदी दिसत नसली तरी
डाव्या हाताला आहे असं धरून
चालत जाते हॉस्पिटलपर्यंत.

काम विचाराल तर
मी उसासे मोजते.

सत्ताविसाव्या आठवड्यात आलेल्या मुलांचे.
साखरेच्या किलोच्या पुड्यातून दोन मुठी काढून घ्याव्यात
तेवढं वजन. पोटाला बोटभर रुंद पट्टा,
पडद्यावर एक रेघ, वर, खाली, वर,
आणि मधेच दुप्पट उंच एक टोक:
तो उसासा.
फुप्फुसातल्या मिटत आलेल्या बुडबुड्यांना
पुन्हा फुगवून ठेवणारा.
दुःखाशी त्याचा काही संबंध नाही,
हे मी तीन परिषदांत सांगितलंय
आणि तिन्ही वेळा आई आठवली,
दिवेलागणीला कुणी उसासा टाकला
की पाठीत धपाटा घालणारी,
"अवदसा येते गं घरात अशानं."

मशीन मोजतं, पण ते उचकीलाही उसासा समजतं.
म्हणून रात्री हिरवी पेन्सिल घेऊन
मी उचक्या खोडत बसते.
फार उचक्या लागतात या मुलांना.
ज्याला अजून नावही नाही
त्याची आठवण कोण काढत असेल?

निधी देणाऱ्या समितीनं यंदा कळवलं,
विषय रोचक, उपयोग अस्पष्ट.
इशबेल डफनं पत्र वाचलं, चहा ओतला.
"माझी पणजी तागाच्या गिरणीत होती," म्हणाली,
"तिच्या छातीत काय साठत होतं
तेही साहेबांना अस्पष्टच होतं, तीस वर्षं."

इशबेल रात्रपाळीची नर्स. आलेख तिला लागत नाहीत.
काचेच्या पेटीपाशी उभी राहून
ओठांच्या कडेच्या रंगावरून सांगते,
"हा आता विसरणार."

विसरतातच ती.
दूध ओढायचं नाही, रडायचं नाही,
श्वास घ्यायचाच विसरतात.
आमच्याकडे जाणाऱ्याच्या नाकाशी सूत धरतात.
इथे तेच सूत
दुसऱ्या टोकाकडून धरलेलं.

मंगळवारी, चौथी पेटी. बेबी पेट्री.
रेघ आडवी झाली.
अकरा. बारा.
इशबेलनं तळव्याला टिचकी मारली,
कॅरमची सोंगटी जरा सरकवावी तशी.
काही नाही.
सोळा. सतरा.
दुसरी टिचकी.
मग रेघ अशी उसळली
की कागदाच्या चौकटीबाहेर गेली,
आणि नंतर, जणू काही झालंच नव्हतं,
वर, खाली, वर.
मला वेळ लिहायची होती.
पेन्सिल दोन तुकडे होऊन माझ्या मुठीत होती.

रविवारी अकोल्याहून फोन.
"पण मोजून होतं काय गं?"
मी म्हटलं, जी जास्त उसासे टाकतात
ती कमी विसरतात, असं वाटतंय.
सिद्ध नाही अजून.

आई गप्प. मागे कुकरची शिट्टी,
तिनं गॅस बंद केल्याचा आवाज.
"तुझ्या आधीचा चाळीस मिनिटं होता,"
ती म्हणाली.
बावन्न वर्षांत पहिल्यांदा.
"नर्सबाई म्हणाली, श्वास घेतोय, घेतोय,
मग काहीच म्हणाली नाही."

त्यावर मी काय बोलले ते आठवत नाही.
आठवतो तो तिचा उसासा,
दिवेलागणीचा, लांब,
सात हजार किलोमीटरवरून आलेला,
आणि धपाटा घालायला कुणी नाही.

मी घड्याळाकडे पाहिलं.
सवयीनं
वेळ लिहून ठेवली.