तीन फॉलोअर

देवळाली कॅम्पाच्या जुन्या दफनभूमीत
डाव्या हाताला, निलगिरीच्या सालींच्या पसाऱ्यात
तो दगड उभा आहे. काळा, आपल्याच डोंगरातला,
घरोघरच्या पाट्या-वरवंट्यांचा सख्खा भाऊ.

दर दोन वर्षांनी, नोव्हेंबरच्या आधी
मी त्याची अक्षरं भरते.
आधी बाबा भरायचे. फिलिप कुऱ्हाडे, चौकीदार,
पगारपत्रकावर 'माळी'.
एक नंबरचा ब्रश, पांढरा ऑइल पेंट,
चुकलं तर टर्पेंटाइनची चिंधी.
एबीसीडी मी इथेच शिकले.
एच हॉलिसचा, पी पेनरोजचा.
झेड कुणाचाच नव्हता,
म्हणून शाळेत झेडला अडायचे.

अकरा नावं. त्यात एक बिगूलवाला, वय एकोणीस.
वर लिहिलंय, नदीपलीकडच्या ठाण्यावर रात्रीचा छापा.
नदीचं नावही आहे,
ते मला अजून धड उच्चारता येत नाही.
बाबा म्हणायचे, पाऊण तासात आटोपलं सगळं.
त्यांना कुठून कळलं, देव जाणे.
'कामी आले', म्हणायचे.
मला लहानपणी वाटे,
कुणाच्या तरी उपयोगी पडले असतील,
लग्नात शेजारची पोरं पडतात तसे.

खाली कुणीच नाही, बरं का.
हाडं तिकडेच, त्या नदीच्या गाळात.
इथे नुसता मुरूम.
तरी बाबा चपला काढूनच चौथऱ्यावर चढायचे.

आणि सगळ्यांत शेवटी,
जागा पुरली नाही म्हणून बारीक केलेल्या अक्षरांत,
'आणि तीन फॉलोअर.'

परवा एलिया डबा घेऊन आला.
वाकून वाचलं, हसला,
"तीनच फॉलोअर, मम्मी? माझे सातशे आहेत."
मीही हसले.
मग ब्रश तसाच हातात राहिला
आणि एक थेंब चौथऱ्यावर पडला.

त्याला सांगितलं ते असं :
खेचरं हाकणारे, पखाली वाहणारे,
जखमींची डोली उचलणारे.
बंदूक नाही म्हणून शिपाई नाहीत,
शिपाई नाहीत म्हणून नाव नाही.
मागून चालणारे, म्हणे.
पण काळोखात दोर घेऊन
नदीत पहिला कोण उतरला असेल?
पोहता कुणाला येत होतं?
असेल कुणी दारणेकाठचा,
डोहात म्हशी धुत वाढलेला.
हे मी मनचं सांगतेय.
माझ्याकडे कागद नाही. बाबांकडेही नव्हता.

एवढंच माहीत आहे,
त्या ओळीत ब्रश जास्त आत जातो.
वरची नावं पावसांनी उथळ झाली,
हॉलिसचा एच तर अंदाजाने काढावा लागतो.
ही सतरा अक्षरं मात्र खोल,
रंग उडाला तरी बोटाला लागतात.
पाथरवटाची टाकी नवी असेल.
किंवा दगड तिथे मऊ असेल.
किंवा त्याच्या घरातलं कुणी.

ऑफिस अक्षरामागे चार रुपये देतं.
सतरा चोक अडुसष्ट.
माणशी किती, ते एलियाने मोबाइलवर काढलं
आणि मला सांगितलं नाही.

दहाला रेंजवर तोफा सुरू होतात.
चौथऱ्यावरचा डबा थरथरतो, रंगावर वलयं उठतात,
रेघ हलते.
म्हणून मी सातलाच बसते,
अकरा नावं शांततेत उरकते.
शेवटची ओळ दरवेळी तोफांतच भरावी लागते.
पेन्शनरांसारखी थांबून थांबून,
दोन धडाक्यांच्या मध्ये एकेक अक्षर.

तिच्यातला एन उलटा कोरलाय.
ज्याने कोरला त्याला वाचता येत नव्हतं बहुतेक.
बाबांनी तो कधी सुलटा केला नाही.
मीही तसाच भरते.