जेट पुण्याहून येतं

देवळाली कॅम्पातून निरोप आला,
गवत कापायचं मशीन उठत नाही,
दोरी ओढून साहेबांचा खांदा धरला.

गेलो. पेट्रोल ताजं,
ऑइल खुणेपर्यंत,
फिल्टर झाडलेला.
प्लग काढला.
होळीला मीच नवा घातला होता;
हा कुठला? चिनीमाती तडकलेली,
टोकावर काजळीची पुटं.

पुंजा माळ्याकडे पाहिलं.
तो कण्हेरीला पाणी घालत राहिला,
सदऱ्याचा खिसा एका अंगाला ओढलेला.
लॉनच्या मधोमध, पार उघड्यावर,
ठिपक्यांची चार अंडी,
आणि टिटवी,
आम्हा दोघांच्या नावानं शंख करणारी.

"साहेब, कार्बोरेटर खोलावा लागेल.
जेट पुण्याहून येतं. महिना धरा."

पातं तेवढं काढून सातपूरला आणलं.
कानशीनं धार दिली,
मधल्या भोकातून खिळ्यावर टांगलं.
डावी बाजू खाली गेली.
मग डावीच घासायची. थोडी. परत टांगायचं.
घाई कुणाला होती.

सत्ताविसाव्या दिवशी पुंजाचा फोन:
जेट आलं का?
मी म्हटलं, तू सांग.
"तीन निघाली.
एक गारच राहिलं."