मोजणी

नाशिकरोडच्या छापखान्यात
वडील तीस वर्षं नोटा मोजत.
त्यांनी मोजलेलं दुसरा मोजे,
दुसऱ्याचं तिसरा.
संध्याकाळी फाटकावर पगारे
खिसे, डबा, चपलासुद्धा तपासत;
जेलरोडला दोघं शेजारी,
एकाच ताटात जेवणारे.

"राग नाही येत?" मी विचारलं होतं,
अमेरिकेच्या कुणा जुन्या मुत्सद्द्याचं वाचून आल्यावर:
सत्तेवर पहारा हवा, पहाऱ्यावरही हवा.

वडील कांदा फोडत म्हणाले,
"येतो की. पण
एकदा पगारे रजेवर होते.
तसाच बाहेर आलो, बिनझडतीचा,
आणि वाटभर
माझाच हात
माझा खिसा चाचपत होता."

मग थोड्या वेळानं:
"पगारेंना कोण तपासायचं,
ते मात्र
कधी दिसलं नाही."