मिनाप्पाचा रोल

रजिस्टरात त्याचं नाव मीच पहिल्यांदा चुकवलं.
तो म्हणाला श्यू मिन-फा, मी लिहिलं मिनाप्पा,
आणि सत्तावीस वर्षं पाकिटांवर तेच राहिलं.
त्यानं कधी खोडलं नाही.
बाप देवळालीत लष्करातल्या माणसांना दात बसवायचा.
मुलगा बोलायला ठार नाशिकचा:
"काय गं अंधारीण, झाले का माझे धुऊन?"

मेनरोडच्या माडीवर
त्याचं शहर मी आधी उलटं बघायचे,
दूध काळं, केस पांढरे,
बुधवारच्या बाजारात कोळशाचे ढीग पिठासारखे.
मग लाल बल्बखाली चिमट्यानं कागद हलवत राहायचं
आणि भांडीबाजारातला हमाल हळूहळू वर यायचा,
डोक्यावर हंड्यांची उतरंड,
पाठमोरा.

कायम पाठमोरा.
कुंभात सगळी दुनिया जटांमागे धावत होती;
यानं टिपला विजेच्या खांबांवर आकडे रंगवणारा पोरगा,
हरवलेल्यांनी कुठं उभं राहायचं ते ठरवणारा,
तोही मागून, मानेवर रंगाचा ठिपका.
मालक म्हणायचे, ह्याला फोटो येत नाहीत.
पैसे मात्र वेळेवर येतात.

एकदा विचारलंच.
फिक्सरमध्ये हात होते माझे, म्हणून धीर झाला असेल.
म्हणाला, बासष्टला मी चौदा वर्षांचा होतो.
पोलिसांनी दोन फोटो काढले, एक समोरून, एक बाजूनं,
छातीवर पाटी धरायला लावून.
पाठीचा काढायला विसरले.
तेवढीच माझी राहिली.

मग दर सोमवारी सही. गाव सोडायचं तर अर्ज.
म्हणूनच की काय, उसना सोळा एमएमचा कॅमेरा हाती आला
तेव्हा त्यानं सिनेमा काढला तो
दुतोंड्या मारुतीपासून होळकर पुलापर्यंतचा.
अकरा मिनिटं.
एक बाई ओल्या लुगड्यानं चाललीय, आपण तिच्या मागं.
ती वळत नाही.
आवाज नव्हता, पैसे पुरले नव्हते.
तांबट लेनमध्ये चादर बांधून दाखवला
तर तांबटांनी हातोड्या थांबवल्या नाहीत,
दुसऱ्या दिवशीची ऑर्डर होती.
ठण् ठण्, आणि बाईचं पाऊल
कधी ठोक्यावर, कधी नाही.
तो प्रोजेक्टरमागे उभा राहून हसत होता.
पुढे परदेशातही दाखवला म्हणे,
कात्रण आणलं होतं दाखवायला. त्यात नाव बरोबर छापलेलं.
मला ते कुणा परक्याचं वाटलं.

पन्नाशी कधीच उलटली, मग पासपोर्ट मंजूर झाला.
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये अख्ख्या देशाचे पासपोर्ट छापतात,
त्याची खोली भिंतीपलीकडेच,
जन्मभर ती घरघर ऐकत झोपलेला माणूस.
फोटो हवा होता. समोरून.
स्टुलावर बसला, कॉलर नीट केली, पुन्हा केली.
मी म्हटलं, इकडं बघा.
हात आधी छातीशी गेले, पाटी धरल्यासारखे,
मग मांडीवर आले.
आठ प्रती काढल्या. तीन नेल्या.

बापाच्या गावाला गेला, मेईश्येन की असंच काही.
तिथून एक रोल आला पार्सलनं,
चिठ्ठीत एवढंच: अंधारीण, तूच धू.
तो मात्र आला नाही.
तोवर माडीवर मोबाइल कव्हरांचं दुकान झालं होतं,
डेव्हलपर विचारला तर पोरं हसायची.

रोल फ्रीजमध्ये आहे, मेथीच्या मागं, दोन पिशव्यांत.
सुनेनं दोनदा फेकायला काढला.
विचारते, आहे तरी काय यात?
पाठी, म्हणते मी. छत्तीस.

रात्री दिवा मालवल्यावर
मनाशी म्हणते,
पस्तीस तरी.